उपमा, उत्प्रेक्षा की रूपक? एकाच तुलनेतून निघणारे अलंकार

‘आजीचे हात बाभळीच्या सालीसारखे खरखरीत आहेत.’ या वाक्यात उपमा अलंकार आहे, हे शाळेत मराठी शिकलेले कोणीही सांगेल. कशावरून, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘सारखे’ हा शब्द आला आहे म्हणून. अलंकार बरोबर ओळखला, पण कारण अर्धेच सांगितले. ‘तो सारखा बोलतो’ या वाक्यातही ‘सारखा’ आहे, तरी तिथे तुलना नाही; तो सतत बोलतो, एवढाच अर्थ. ‘नियमाप्रमाणे दंड भरावा लागेल’ यात ‘प्रमाणे’ आहे, उपमा नाही. ‘मला वाटते, गाडी चुकली’ यात ‘वाटते’ आहे, उत्प्रेक्षा नाही. आणि ‘की’ हा शब्द उत्प्रेक्षेच्या यादीत असला तरी मराठीत तो दिवसभरात शेकडो वेळा नुसता दोन वाक्ये जोडण्यासाठी येतो.

शालेय व्याकरणात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अलंकार ओळखण्यासाठी शब्दांच्या याद्या दिलेल्या असतात. उपमेसाठी सारखा, सम, समान, प्रमाणे, परी, तुल्य. उत्प्रेक्षेसाठी जणू, जणूकाही, गमे, भासे, वाटे. या याद्या निरुपयोगी नाहीत. मात्र त्या खुणा आहेत, व्याख्या नव्हेत. खुणेचा शब्दच नसलेले वाक्य समोर आले की यादी पाठ केलेला विद्यार्थी अडतो. कविता वाचणाऱ्याची अडचण तर त्याहून मोठी, कारण कवी खुणेचा शब्द अनेकदा मुद्दाम गाळतो. त्यामुळे वाक्यात कोणता शब्द आहे हे पाहण्याआधी वाक्य दोन वस्तूंच्या नात्याबद्दल काय म्हणते आहे, हे पाहावे लागते. त्या दोन वस्तू सारख्या आहेत, एक आहेत, की पहिली नाहीच आणि दुसरीच आहे? अलंकाराचे नाव या उत्तरावर ठरते.

उपमेची चार अंगे

सुरुवातीच्या वाक्यात ज्याचे वर्णन करायचे ते ‘आजीचे हात’. याला उपमेय म्हणतात. ज्याच्याशी तुलना केली ती ‘बाभळीची साल’ हे उपमान. दोघांत सामाईक असलेला खरखरीतपणा हा साधारण धर्म, आणि ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही अंगे हजर असली की पूर्णोपमा. एखादे गाळले की लुप्तोपमा. ‘आजीचे हात बाभळीच्या सालीसारखे’ एवढेच म्हटले तर साधारण धर्म वाचकाने भरायचा असतो. तो खरखरीतपणा असेल, काळपटपणा असेल, भेगा असतील किंवा तिन्ही असतील. गाळलेले अंग पुष्कळदा असे अर्थ वाढवते.

प्रत्येक साम्य मात्र उपमा होत नाही. भारतीय तर्कशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. गवा न पाहिलेल्या माणसाला सांगतात, गवा गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला की तो ओळखतो. हे वाक्य माहिती देते, म्हणून न्यायदर्शनात त्याला स्थान आहे. पण त्यात चमत्कृती नाही, म्हणून साहित्यशास्त्र त्याला अलंकार मानत नाही. ‘धाकटा भाऊ थोरल्यासारखा उंच आहे’ हेही तसेच. दोन वस्तू मुळात वेगळ्या जातीच्या असाव्यात आणि तरीही त्यांच्यातले साम्य पटावे, या ताणातून उपमा जन्मते. हात आणि साल यांच्यात तो ताण आहे. भाऊ आणि भाऊ यांच्यात नाही.

दावा बदलला की नाव बदलते

सोळाव्या शतकात तमिळ प्रदेशात होऊन गेलेले पंडित अप्पय्य दीक्षित यांनी ‘चित्रमीमांसा’ या ग्रंथात उपमेला नटी म्हटले आहे : एकच नटी काव्याच्या रंगमंचावर वेगवेगळ्या भूमिका घेऊन येते आणि जाणकारांना रिझवते. पुढे त्यांनी मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेतली आणि वाक्यरचना बदलत त्यातून एकामागून एक अलंकार काढून दाखवले. हीच रीत आजीच्या हातांवर वापरता येते.

‘आजीचे हात म्हणजे जणू बाभळीची सालच.’ ही उत्प्रेक्षा. उपमेत बोलणारा ठाम असतो : या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात साम्य आहे. उत्प्रेक्षेत तो कल्पनेला मोकळे सोडतो, हे तेच असावे अशी संभावना करतो आणि ती खरी नाही हेही त्याला ठाऊक असते. उत्प्रेक्षेचे क्षेत्र वस्तूंच्या साम्यापुरते मर्यादित नाही. ‘आजीच्या हातांना काटे टोचत नाहीत, जणू बाभळीने त्यांना आपल्यातलेच मानले आहे.’ इथे एका घटनेला काल्पनिक कारण चिकटवले आहे. ही हेतूत्प्रेक्षा. शालेय पुस्तकांत हा प्रकार फारसा भेटत नाही, पण कवितेत आणि ललित गद्यात तो फार आढळतो. ढग का रडतात, वारा का दार ठोठावतो, अशा सगळ्या कल्पित कारणांना हेच नाव लागू पडते.

‘उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, तशी आजीच्या हातांची साल जाड होत गेली.’ हे रूपक. इथे हात आणि साल एकच मानले आहेत. ‘जणू’ नाही, ‘सारखे’ नाही. उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात हजर आहेत, फक्त त्यांच्यातली भिंत पाडली आहे.

‘हे हात नव्हेत, ही बाभळीची साल आहे.’ उपमेयाचा निषेध करून उपमानाची स्थापना केली, म्हणून अपन्हुती. ‘बाभळीची सालही मऊ म्हणावी, असे आजीचे हात.’ उपमेय उपमानाच्या वरचढ ठरले, म्हणून व्यतिरेक. ‘बाभळीची साल आजीच्या हातांसारखी आहे’ अशी अदलाबदल केली तर प्रतीप. ‘आजीचे हात आजीच्या हातांसारखेच’ यात तुलनेला दुसरे काही मिळतच नाही, म्हणून अनन्वय.

आता दोन जवळचे अलंकार. ‘हे हात आहेत की बाभळीची साल?’ यात मन दोन्हींमध्ये हेलकावते. हा ससंदेह. ‘आजी अंगणात बाजेवर झोपली होती, सरडा खोड समजून तिच्या हातावर चढला.’ इथे शंका उरलेलीच नाही, चूक होऊन गेली आहे आणि त्या चुकीतून कृतीही घडली आहे. हा भ्रांतिमान. भ्रमात पडणारा बोलणाऱ्याहून वेगळा असतो, ही गोष्ट लक्षात ठेवली की या दोघांत घोटाळा होत नाही : बोलणाऱ्याला सत्य ठाऊक असते, सरड्याला नसते. आणि शहरात राहणाऱ्या नातवाला रस्त्याकडेची बाभूळ पाहून आजीचे हात आठवले, तर तो स्मरण अलंकार.

या वाक्यांमध्ये आजी तीच आणि झाडही तेच आहे. तरीही ‘सालीसारखे’ म्हणणारा थोडा दुरून पाहतो, ‘हातांची साल’ म्हणणाऱ्याला दोन्हींत फरक करावासा वाटत नाही आणि ‘हे हात नव्हेत’ म्हणणारा जवळजवळ तक्रार करतो आहे. अलंकाराचे नाव चुकले तर परीक्षेत एखादा गुण जातो. हा सूर निसटला तर कविता वाचूनही हाती काही लागत नाही.

मेटाफर म्हणजे रूपक का?

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचा एक गोंधळ हमखास होतो. शब्दकोशात मेटाफरला रूपक असा प्रतिशब्द मिळतो आणि दोन्ही एकच आहेत असे धरले जाते. पण मेटाफर ही पिशवी मोठी आहे. ‘संध्याकाळी ती जाड साल नातवाच्या डोक्यावरून फिरायची.’ या वाक्यात ‘हात’ हा शब्द नाहीच. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. इंग्रजी समीक्षा याला सरळ मेटाफर म्हणेल. संस्कृत परंपरेत मात्र रूपकासाठी दोन्ही बाजू शब्दांत याव्या लागतात. उपमेय पूर्ण लोपले तर ती अतिशयोक्ती. तिच्या या प्रकाराला रूपकातिशयोक्ती असेही नाव आहे.

अतिशयोक्ती हा शब्द वाचून पुन्हा अडायला होते, कारण रोजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘वाढवून सांगणे’ असा आहे आणि शालेय व्याकरणही मुख्यतः तेवढाच अर्थ घेते. ‘एवढा घाम आला की विहीर भरली असती’ ही त्या अर्थाने अतिशयोक्ती. शास्त्रातली अतिशयोक्ती हिच्यासह बरेच काही सामावून घेते. परीक्षेत अर्थातच पाठ्यपुस्तकातली व्याख्या चालते. जुने टीकाग्रंथ किंवा काव्यचर्चा वाचताना दुसरी लागते.

रूपक या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. संस्कृतात नाट्यप्रकारांना रूपके म्हणतात. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथाचे नाव त्यावरूनच पडले. मराठीत रूपककथा म्हणजे वरवर एक गोष्ट सांगत आत दुसरीच सांगणारी कथा. वि. स. खांडेकरांनी हा प्रकार मराठीत हाताळून लोकप्रिय केला. तिथे एका वाक्यापुरते नव्हे, संपूर्ण कथेचेच उपमेय झाकलेले असते.

मुखचंद्र हसला की उगवला?

जोडशब्दात तुलना दडली असेल तर ओळखणे अवघड जाते. ‘चंद्रमुख’ म्हणजे चंद्रासारखे मुख, म्हणून उपमा. ‘मुखचंद्र’ म्हणजे मुख हाच चंद्र, म्हणून रूपक. शब्दांचा क्रम पाहावा, असे सहसा सांगितले जाते. पण ‘मुखचंद्र’ या शब्दाचा विग्रह ‘चंद्रासारखे मुख’ असाही करता येतो. मग काय ठरवायचे?

जुन्या टीकाकारांनी यावर काढलेला तोडगा आजही उपयोगी आहे : क्रियापद कोणाला शोभते ते पाहा. ‘मुखचंद्र हसला’ म्हटले तर हसणे हे मुखाचे काम. वाक्यात मुख प्रधान राहिले, म्हणून उपमेकडे कल. ‘मुखचंद्र उगवला’ म्हटले तर उगवणे हे चंद्राचे. मुखाने चंद्राचे रूप पूर्ण घेतले, म्हणून रूपक. हीच कसोटी मोठ्या वाक्यालाही लावता येते. ‘आजीच्या हातांची साल जाड होत गेली’ यात जाड होत जाणे झाडाच्या सालीला जास्त शोभते. म्हणून तिथे रूपक पक्के बसते. शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा क्रियापदाकडे बोट ठेवायची सवय अधिक कामी येते.

साम्याशिवायचे अलंकार

सगळे अलंकार तुलनेतून निघत नाहीत. पहिली मोठी विभागणी शब्दालंकार आणि अर्थालंकार अशी आहे, आणि ती तपासायची युक्ती सोपी : शब्द बदलून पाहावा. ‘सालीसारखे’ऐवजी ‘सालीप्रमाणे’ म्हटले तरी उपमा टिकते, म्हणजे ती अर्थावर उभी आहे. ‘सरकारचे कर लांब असतात’ या वाक्यात ‘कर’ म्हणजे हातही आणि पट्टीही. तिथे ‘हात’ शब्द घातला की गंमत संपली. हा श्लेष शब्दावर उभा होता. अनुप्रास आणि यमक हे तर नादाचेच अलंकार, शब्द बदलले की उडून जाणारे.

‘गावात पाणी शिरले आणि गावाला प्यायला पाणी उरले नाही.’ हा विरोधाभास. विसंगती वरवरची आहे. पुराचे पाणी पिण्याजोगे नसते हे लक्षात आले की ती मिटते. ‘वा, काय रस्ता दुरुस्त केलात! पहिल्या पावसापर्यंत टिकला.’ ही व्याजस्तुती, स्तुतीच्या आडून केलेली निंदा. हा अलंकार ओळखता न येणारा माणूस अशा वाक्यानंतर आभार मानतो.

निर्जीवाला सजीवाचे वागणे देणारी चेतनगुणोक्ती मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतून सगळ्यांना परिचित आहे : ‘पहिल्या पावसाने तापलेल्या जमिनीने सुस्कारा टाकला.’ संस्कृत परंपरेत अशा वर्णनांचा बराच भाग समासोक्तीत मोडतो.

दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास यांची मात्र नेहमी गल्लत होते. दृष्टांतात दोन विधाने आरशासमोर ठेवल्यासारखी शेजारी असतात : ‘मोठ्या पदावरच्या माणसालाच बोल लागतो, उंच झाडालाच वारा झोंबतो.’ अर्थान्तरन्यासात एक विधान विशिष्ट असते आणि दुसरे सर्वसामान्य, आणि एकाने दुसऱ्याला आधार द्यायचा असतो : ‘एवढा मुरलेला वकील, पण घराच्या करारावर न वाचताच सही करून बसला, शहाणी माणसेही स्वतःच्या बाबतीत चुकतात.’ मराठीत दृष्टांताला अलंकारापलीकडे एक स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणूनही जुनी प्रतिष्ठा आहे. महानुभाव पंथातल्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी त्याचा उलगडा करणारा दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे. ज्ञानेश्वरीतही (१२९०) एक कल्पना समजावण्यासाठी उपमा-दृष्टांतांची माळच्या माळ येते. तिथे या तुलना नटण्यासाठी आलेल्या नाहीत. अवघड तत्त्वज्ञान शेतकऱ्याच्या, गृहिणीच्या अनुभवात आणून ठेवण्याचे काम त्या करतात.

रोजच्या बोलण्यातल्या विझलेल्या तुलना

डोंगराला माथा असतो, पायथा असतो, सोंड असते. नदीला मुख असते. हे बोलताना कोणाला शरीर आठवत नाही, हत्तीही आठवत नाही. या तुलना कधी काळी ताज्या असतील. आता ते साधे शब्द आहेत. ‘प्रवीण’ म्हणजे मुळात वीणेत निपुण, आणि ‘कुशल’ म्हणजे दर्भ, अर्थात कुश, हाताला न कापता तोडून आणणारा. आता गाडी दुरुस्त करणाराही कुशल असतो.

शब्दाचा मुख्य अर्थ लागू पडत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेणे, याला लक्षणा म्हणतात. अकराव्या शतकातले काश्मिरी आचार्य मम्मट यांच्या ‘काव्यप्रकाशा’त तिच्या तीन अटी आहेत : मुख्य अर्थात अडचण हवी, नव्या अर्थाचा जुन्याशी संबंध हवा, आणि तसे बोलण्याला एकतर रूढी हवी किंवा काही प्रयोजन. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे परंपरेतले गाजलेले उदाहरण. पाण्यावर वस्ती असू शकत नाही, म्हणून अर्थ घ्यायचा तीरावर. मग ‘तीरावर’ असेच का म्हटले नाही? गंगेचा थंडावा आणि पावित्र्यही त्या वस्तीला मिळावे म्हणून. हा सूचित होणारा जास्तीचा अर्थ व्यंजनेचा.

‘आणखी दोन ताटे वाढ’ हे ऐकून कोणी ताटावर ताट ठेवत नाही. ‘अख्खा गाव रडला’ हे ऐकून कोणी घरांच्या भिंती ओल्या झाल्या का, ते पाहायला जात नाही. लक्षणा इतकी अंगवळणी पडलेली असते की ती दिसत नाही. मम्मटांनी सूर्यास्ताच्या साध्या वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक निघणारे कितीतरी अर्थ दाखवले आहेत : कोणाला काम थांबवण्याची सूचना, कोणाला गुरे घरी आणण्याची, कोणाला भेटीला निघण्याची. त्या वाक्यात एकही अलंकार नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त याच शक्तीला काव्याचा आत्मा म्हटले आणि अलंकारांना दुय्यम जागा दिली.

साम्य दिसत नसेल तेव्हा

आधुनिक कवितेत चार अंगांची चौकट अपुरी पडते. ‘दुपार निवलेल्या चहासारखी पडून होती.’ दुपार आणि चहा यांच्यात रंगाचे किंवा आकाराचे साम्य नाही. साम्य आहे ते भावनेत. दोन्हींतून सारखाच कंटाळा येतो. बा. सी. मर्ढेकरांनी अशा नात्याला ‘भावनानिष्ठ समतानता’ असे नाव दिले आणि कवितेच्या विचारात त्याला मध्यवर्ती जागा दिली. समीक्षेत आता उपमा किंवा रूपक असे वेगळे न म्हणता पुष्कळदा प्रतिमा हा एकच शब्द वापरतात. ते सोयीचे आहे, पण त्यामुळे ‘सारखी’ आणि ‘हीच’ यांतला फरक मात्र पुसला जातो. प्रतीक त्याहून वेगळे : प्रतिमा त्या ओळीपुरती असू शकते, प्रतीक पुन्हा पुन्हा येऊन किंवा परंपरेतून स्वतःचा अर्थ कमावते. एखाद्या कवितेत बाभूळ सतत येत राहिली आणि दर वेळी तिच्यासोबत चिवट, कोरडे, कष्टाचे जगणे आले, तर शेवटच्या ओळीत आजीचा उल्लेख नसतानाही आजी तिथे असते.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार चारच होते : उपमा, दीपक, रूपक आणि यमक. मम्मटांपर्यंत अर्थालंकारच साठच्या घरात गेले आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त शंभराच्या पुढे. एका वाक्यात एकच अलंकार असतो असेही नाही. दोन अलंकार एकत्र असून वेगळे काढता आले, तर त्याला संसृष्टी म्हणतात. शास्त्रात त्याची तुलना तीळ आणि तांदूळ यांच्या मिश्रणाशी केली आहे. वेगळे काढता आले नाहीत तर तो संकर, दूध-पाण्यासारखा.